कुमारिकेच्या नाकाला चप्पल

ज्या हातानं वैनींनी माझ्या लेकीचे पाय धुतले, त्याच हातानं पाच मिनिटांत तिच्या नाकाला चप्पल लावली. दारातली, कुणाची होती तेबी माहीत न्हाय.

सांगते, नीट सांगते. वैनी म्हणजे आमच्या मालकीणबाई. भवानी पेठेत त्यांच्या घरचा टॉवेलचा कारखाना. मी तिथं टॉवेलच्या कडा शिवायची. नवरात्रात वैनी नऊ कुमारिका पुजायच्या. त्या वर्षी एक पोर कमी पडली, म्हणून माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला बोलावणं आलं. तिला फिट यायची. रोजच्या गोळीनं वर्षभर थांबली होती. वैनींना मी आधीच सांगितलं.

"कुमारिका म्हणजे देवी. देवीच्या पोटात गोळ्या घालतीस व्हय गं?" वैनी म्हणाल्या. "अंगारा लाव. नऊ दिवस गोळी बंद."

"बरं वैनी," म्हणाले. काम जाईल ही भीती होती, खरंय. पण लोभ त्याहून लई. वाटलं, पोरीचे पाय पुजले जातील, देवी बघेल, कायमची बरी करेल. गोळ्यांची पुडी डाळीच्या डब्यात दडवली.

तिसऱ्या दिवशी तिच्या हातातला कप सुटला. पाचव्या दिवशी जेवता जेवता नुसतीच बघत राहिली, घास तोंडात तसाच. सातव्या दिवशी म्हणाली, "आई, अंगठा आपोआप उडायलाय की." मला कळत होतं. तरी अंगाराच लावला.

अष्टमीला पाटावर बसवली. पाय धुतले, कुंकू लावलं. आरतीची घंटा वाजली अन् तिची मान वळली. कोसळली. अंग ताठ, तोंडाला फेस. बाया मागं सरल्या. एकीनं हात जोडले, "अंगात आलं गं!"

"कसलं अंगात! फेफरं हाय," वैनी ओरडल्या. "ते पूजेचं ताट उचला आधी. चप्पल आणा."

माझे हात आरतीला जोडलेले. जोडलेलेच राहिले. चप्पल नाकाला लागली तेव्हा सुटले.

"वैनी, हात काढा."

"अगं, तुझ्याच पोरीसाठी..."

"हात काढा म्हणले की!"

चप्पल हिसकून अंगणात फेकली. लेकीला कुशीवर वळवलं. फिट थांबेना. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "गोळी कुणी बंद केली?"

"मी," म्हणाले. वैनींचं नाव घेतलं नाही. डब्यात पुडी मीच दडवली होती.

ती वाचली. आता बावीस वर्षांची हाय. फिट गेलेली न्हाय. दबा धरून बसलीय. घट मी अजून बसवते. पहिल्या माळेला देवीच्या डोळ्यांदेखत लेकीच्या हातावर गोळी ठेवते, मगच नैवेद्य.

आता स्थळं येतात. भावकीतल्या बाया कानाशी लागतात, "सांगू नका. लग्नाचे चार दिवस गोळी बंद ठेवा, कुणाला कळतंय?"

मी चहाच्या आधी सांगते. पोरीला फिट येते. गोळी चालू हाय, चालूच राहणार. ज्याला चालत न्हाय त्यानं उठावं. चपला दारातच असतात. पायात घालाव्यात आणि जावं.