गोणीतल्या चिठ्ठ्या

बायकोने कधीच न केलेली चूक मी तिच्या माथी मारली, तीही ती समोर उभी असताना, एका परक्या माणसापुढे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी माझ्या थकव्याबद्दल बरंच लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याला माझी दया येण्याची शक्यता आहे. थकवा खरा होता. पण ते वाक्य थकवा बोलला नाही, मी बोललो.

नव्वदच्या दशकात आम्ही नगरला दोन खोल्यांत राहायचो आणि टपालाने साड्या विकायचो. पांढऱ्या साड्या. आमच्या बौद्ध लोकांत नवरी पांढरी साडी नेसते. पण तालुक्याच्या कापडदुकानात पांढरी साडी मागितली की दुकानदार हमखास विचारायचा, "कोण वारलं?" माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी हा प्रश्न तिला तोंडावर विचारला गेला होता. दुकानदाराच्या मनात वाईट नसेलही. त्याच्या फडताळात पांढरं म्हणजे विधवेचं, एवढंच. पुढे कारखान्यातली माझी कंत्राटी नोकरी गेली तेव्हा मला तो प्रश्न आठवला आणि मी हा धंदा काढला. गिरणीतून पांढऱ्या साड्यांचा गठ्ठा आणायचा. बायकोने त्यांना निळा किंवा सोनेरी काठ लावायचा, पदराला गोंडे करायचे. मी त्या कापडात शिवून व्ही.पी.ने पाठवायच्या, आणि गिऱ्हाइकाने आपल्या गावच्या पोस्टात पैसे भरून पार्सल सोडवून घ्यायचं. आमच्या लोकांत वाचल्या जाणाऱ्या एका मासिकात मी चार ओळींची जाहिरात दिली होती.

पहिली दोन वर्षं मला या कामाचा अभिमान होता. 'सप्रेम जयभीम' लिहून सुरू होणारी पत्रं लातूरहून, नांदेडहून, भंडाऱ्याहून यायची. लोक नुसती साडी मागत नसत, घरातलं सगळं लिहीत. मुलगी किती शिकली, जावई काय करतो, मंडप कुठे घालणार. मी ती बायकोला वाचून दाखवायचो आणि ती काठ शिवता शिवता म्हणायची, "ह्या पोरीला निळाच शोभेल."

मग पत्रं वाढली. प्रत्येक पत्रात एक तारीख असायची आणि ती पुढे ढकलता येण्यासारखी नसायची. कारखान्यात भोंगा झाला की काम सुटायचं. इथे भोंगाच नव्हता. पार्सल शिवून बोटांची टोकं बधिर झाली होती. पोस्टाच्या खिडकीवर रांगेत उभं राहायचं, शिवण उसवली म्हणून कारकुनाने परत केलं की पुन्हा शिवून पुन्हा रांगेत. पाठवलेल्या कितीतरी साड्या 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत यायच्या, कारण तोवर कुणा पाहुण्याने दुसरी आणलेली असायची. कुणी लिहायचं पांढरा रंग पिवळट आहे. एकाने लिहिलं, "समाजाच्या नावावर पोट भरता, लाज वाटते का?" ते कार्ड मी कितीतरी दिवस खिशात घेऊन फिरलो. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

तिसऱ्या वर्षी लग्नसराईत पोस्टमनच्या सायकलची घंटी ऐकली की मी मोरीत जाऊन उगाच पाय धूत बसायचो. जेवण जात नव्हतं. भिंतीकडे बघत बसलो की बायकोने दोनदा हाक मारल्याशिवाय ऐकू येत नसे. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं. याला दुसरं काही नाव असतं हे ना त्यांना सुचलं, ना मला.

बायकोला मात्र दिसत होतं. ती म्हणाली, "अहो, आठ दिवस बंद ठेवू. ज्यांची पत्रं आलीत त्यांना कार्ड टाकू, की जमणार नाही. माझ्या भावाकडं जाऊन येऊ."

मी तिच्यावर खेकसलो. "तुझ्या आठ दिवसांसाठी लग्नं थांबणार आहेत का लोकांची?"

आणि त्याच आठवड्यापासून मी पत्रं न उघडता गव्हाच्या रिकाम्या गोणीत टाकू लागलो. गोणी कॉटखाली सारली. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या दोन्ही दिवसांची एकदम वाचू. दुसऱ्या दिवशी ती दुप्पट झाली म्हणून भीती दुप्पट झाली. पुढे मी फक्त सारत गेलो. बायकोला सांगितलं, "यंदा मागणी कमी आहे." तिने विश्वास ठेवला. तिला बरंच वाटलं असावं, मला जरा उसंत मिळेल म्हणून.

एके दिवशी दुपारी एक गृहस्थ दारात आले. श्रीगोंदे तालुक्यातल्या एका गावचे, साखर कारखान्यावर हंगामी कामाला असलेले. धुतलेलं धोतर, टोपी हातात. बायकोने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. त्यांनी तो बघितला पण हात लावला नाही.

"पैसं-बिसं मागाया न्हाई आलो," ते म्हणाले. "पैसं दिलंच न्हाईत आमी. फकस्त इचारायला आलो. चिठ्ठी पोचली हुती का?"

मी विचारलं, कुठली चिठ्ठी.

"पोरीच्या साडीची. महिनाभर आधी टाकली हुती. त्यात सगळं लिवलं हुतं, मास्तरकडनं लिवून घेतलं हुतं, की पोरीला दुकानात न्यायची न्हाई, तुमच्याकडनंच पायजे. रोज पोस्टात गेलो. लग्न दोन दिसांवर आलं तवा न्यावी लागली दुकानात." त्यांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली. "त्यानं इचारलंच. पोरीकडं बघून इचारलं. तिनं नुसती मान हलवली, कोन न्हाई मेलं म्हनून. मग त्यानं जाडंभरडं काढलं, बिनकाठाचं, तेच नेसली. फोटूत समद्यात खाली बगती."

मला ठाऊक होतं पत्र कुठे आहे. माझ्यापासून दोन हातांवर कॉटखाली होतं. मी म्हणालो, "चिठ्ठी आली असेल. टपाल हीच ठेवते. हिच्याच हातून कुठे पडली असणार. कितीदा सांगितलं हिला."

बायको काठ हातात घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. एवढंच. मग पदर सारखा केला, त्या माणसापुढे हात जोडले आणि म्हणाली, "चुकलं दादा."

ते तिला म्हणाले, "बाई, तुमी बी कुनाची तरी लेकच हाय ना." आणि उठून गेले. आपल्याच माणसाच्या घरातलं पाणी न पिता गेले. हे आमच्यात किती लागतं ते मी समजावून सांगत बसत नाही.

ते गेल्यावर बायको पुन्हा काठ शिवायला बसली. संध्याकाळी झाडताना तिचा केरसुणीचा हात गोणीला लागला. तिने ती ओढून बाहेर काढली, जमिनीवर बसली आणि एकेक पत्र उघडून वाचत गेली. ती सातवीपर्यंत शिकलेली, ओठ हलवत वाचायची. श्रीगोंद्याचं आंतरदेशीय पत्र सापडलं तेव्हा तिने ते मोठ्याने वाचलं. मग तारखा उलटून गेलेली पत्रं एका बाजूला केली आणि न उलटलेली दुसऱ्या बाजूला. दुसरा ढीग लहान होता. त्यातल्या सगळ्या साड्या पुढच्या काही दिवसांत तिने एकटीने शिवून पाठवल्या. मी पत्ते लिहीत होतो. पहिल्या ढिगातल्या प्रत्येकाला मी कार्ड टाकलं, पण त्यात लिहिलं 'अपरिहार्य कारणामुळे'.

मग जाहिरात बंद केली. सुप्याला एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागलो. ठरलेली पाळी, ठरलेली सुट्टी, एसटीने जाणं-येणं. हळूहळू जेवण जाऊ लागलं. लोक म्हणाले, तब्येत सुधारली. घरात मात्र बायको कामापुरतं बोलायची. मी एकदा तिची माफी मागितली. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला काय सांगता? मला ठाऊकच आहे. माझं नाव जिथं घेतलं तिथं जाऊन सांगा."

मी गेलो नाही. एक वर्षभर गेलो नाही. सुट्टी मिळत नाही, ते लोक विसरले असतील, आता कशाला उकरायचं, अशी कारणं मी स्वतःला देत होतो. तब्येतीचं कारणही देत होतो आणि ते सगळ्यात खोटं होतं.

आमच्या वस्तीच्या विहारात बायांची वंदना बायकोच घ्यायची. तिचा आवाज स्वच्छ होता. पुढच्या वैशाख पौर्णिमेला मी पाहिलं, ती साधी साडी नेसून चुलीपाशीच बसली आहे. "जायचं नाही?" विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही जा. मी सहा महिन्यांपासून जात नाही. तुम्हाला कळलं नाही."

शेजारणीकडून कळलं ते असं: श्रीगोंद्याच्या त्या माणसाची मेहुणी आमच्याच वस्तीत दिलेली होती. विहारात तिने चारचौघींत म्हटलं होतं, "वंदना घेतीय बगा. लोकांच्या पोरींच्या चिठ्ठ्या केरात टाकनारी." बायको त्यावर काही बोलली नव्हती. खरं सांगितलं असतं तर माझं नाव गेलं असतं. तिने वंदना सोडली.

त्या आठवड्यात मी कारखान्यात न सांगता खाडा केला. बायकोला म्हणालो, चल. ती म्हणाली, "मी कशाला? मी काय केलंय?" मी म्हणालो, "तू काही केलं नाहीस हे तुझ्यासमोर सांगायचंय." तिने चपला घातल्या.

श्रीगोंद्याकडच्या त्या गावात त्यांचं घर सापडायला वेळ लागला नाही. ते गृहस्थ ओट्यावर दोरी वळत होते. मुलगी बाळंतपणाला आलेली होती, उंबऱ्यात बसली होती. त्यांनी बायकोला ओळखलं आणि तोंड फिरवलं. "आता काय आनलंय?" ते म्हणाले. "साडी?"

मी म्हणालो, काही आणलं नाही. शेजारची दोन-तीन माणसं येऊन उभी राहिली. त्यांनी जावं असं मला वाटलं, पण गेली नाहीत, ते बरंच झालं. मी बसलो नाही. त्या मुलीकडे बघून बोलायला मला जमेना, तरी तिच्याकडेच बघितलं.

"तुझ्या वडिलांची चिठ्ठी माझ्या हातात आली होती," मी म्हणालो. "मी ती उघडली नाही. कॉटखाली गोणीत टाकली. अशा पुष्कळ टाकल्या. हिला माहीतसुद्धा नव्हतं. दादा आले तेव्हा मी हिचं नाव घेतलं आणि हिने माझ्यासाठी हात जोडले. दुकानात तुला जे ऐकावं लागलं ते माझ्यामुळे. मला माफ कर, बाई. दादा, तुम्हीही करा. आणि हिला जे बोललात ते मला बोला."