घरच्या डॉक्टरची सुई

पेशंट खोटं बोलला की मला लगेच कळतं, आणि कळलं की माझं डोकं फिरतं. इतकी वर्षं कोल्हापुरात दवाखाना चालवतेय, पण हा स्वभाव काही गेला नाही.

कळंब्याच्या मावशी त्या दिवशी आल्या त्या भिंतीला धरूनच. एरवी रस्त्यातूनच हाक मारणारी बाई, आज गुमान खुर्चीत बसली. तोंड पांढरंफटक, नाडी पळतेय.

"चक्कर येतीया बाई. आन् परसाकडंला काळं व्हतंय, डांबरावानी."

मावशींच्या हृदयाची झडप बदललेली. त्यासाठी हृदयाच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिलेली. ती चालू असताना अंगदुखीचं औषध कुणाकडूनही घ्यायचं नाही, हे त्यांनीही बजावलेलं आणि मीही. काळं म्हणजे पोटात रक्त वाहत होतं.

"दुसरं काय घेतलंय?"

"काय न्हाय की."

"मावशी!"

"न्हाय म्हनतीया न्हवं!"

आडवं करून तपासलं, तर कमरेवर तळहाताएवढा काळानिळा डाग आणि मधोमध सुईची खूण. आता सांगा, माणसानं शांत तरी कसं राहायचं?

"ही सुई काय आपोआप टोचली? कुणाकडं गेलता ते सांगा. जीव जाईल तुमचा!"

"दार लावा आदी," त्या म्हणाल्या.

मग हळूहळू बाहेर आलं. त्यांच्या जावेच्या मुलानं कागलच्या रस्त्याला नवा दवाखाना टाकला होता. रिकामा दवाखाना बघून लोक पुढं निघून जातात, म्हणून भावकीतल्या बायका पाळीपाळीनं जाऊन बाकड्यावर बसायच्या. गर्दी दिसली पाहिजे ना! मावशीही बसल्या. काकी आल्याच आहेत तर गुडघे बघू, म्हणून पुतण्यानं दुखण्याची सुई दिली, गोळ्या दिल्या. बरं वाटलं. मग दर आठवड्याला तेच. हृदयाच्या डॉक्टरांचं मात्र त्याला सांगितलंच नाही.

"त्येला वाटलं असतं, माज्या काकीचा माज्यावर भरवसा न्हाय."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तुमी वराडता."

झालं! ओरडायचीही सोय उरली नाही.

मी मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहायला घेतली, तर मावशींनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार. "त्येचं नाव लिवू नगा. माजा पोरगा भाईर बसलाय, चिठ्ठी वाचंल. तापट हाय त्यो. दवाखाना फोडंल, केस करंल. पुतण्याचं वाटोळं हुईल."

आता काय करायचं? पेशंटनं विश्वासानं सांगितलेलं त्याच्या घरच्यांनाही सांगायचं नाही, हा आमचा नियम. पण पुढं उपचार करणाऱ्याला सगळं कळलंच पाहिजे. औषध कुठलं, किती, शेवटचं कधी, हे ठाऊक असलेला माणूस एकच. आणि नाव गाळलं तर ती सुई माझ्याच नावावर खपणार, हेही मला दिसत होतं. खरं सांगते, भीती वाटली.

"मावशी, त्याला विचारल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. लावू फोन?"

त्यांनी मानेनंच हो म्हटलं. माझा एक हात त्यांच्या नाडीवर, म्हणून फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. मी कोण, मावशींची अवस्था काय, सगळं सांगितलं. पलीकडून एकदम शुद्ध, घोटीव भाषा:

"मॅडम, त्या माझ्या पेशंट नाहीत. माझ्याकडं त्यांचा केसपेपरच नाही."

केसपेपर नव्हताच. घरच्या माणसाचा कोण करतो!

माझा तोल गेला. "अरे, मी काय पोलीस आहे? बाई मरायला लागलीय इथं! औषधाचं नाव सांग!"

"मी विचारलं होतं मॅडम," तो घाईघाईनं म्हणाला, "दुसरं काय चालू हाय का म्हणून. काकीच न्हाय म्हणाली." मग भडाभडा सगळं सांगितलं. सुई, गोळ्या, परवाचा शेवटचा डोस. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "माझं नाव कुठं येणार नाही ना?"

काकी कशी आहे, हे त्यानं विचारलंच नाही.

मावशी छताकडं बघत होत्या. मी पेन हातात धरून थांबले.

"लिवा," त्या म्हणाल्या.

लिहिलं. रिक्षानं त्या मोठ्या दवाखान्यात पोचल्या. रात्रभर रक्त चढवलं, नळी घालून पोटातली जखम बंद केली. वाचल्या. मुलाला त्यांनी स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. चूक माझीबी हाय, हेही सांगितलं, आणि केस न करायची शपथ घातली.

मी भेटायला गेले त्या दुपारी पुतण्या शहाळी घेऊन दारात उभा होता. मुलगा स्टुलावरून ताडकन उठला, मुठी वळलेल्या. मावशींनी सलाईनचा हात उचलून मुलाला खाली बसवलं. ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं, कालपरवापर्यंत अरेतुरे केलं, त्याच्याकडं बघून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"या डॉक्टर," त्या म्हणाल्या. "बसा."

त्याचं तोंड मला बघवलं नाही.