सान हुआनमधला सोलेभात

आईला मी क्रूझवर नेलं ते समुद्र दाखवायला नाही, सही घ्यायला. त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मी हे कबूल केलं नसतं. पण माझ्या पिशवीत सनस्क्रीन आणि बिस्किटांच्या पुड्यांखाली एक निळी फाइल होती आणि तिच्यात एकपानी संमतीपत्र. नागपूरचा फ्लॅट विकायला माझी हरकत नाही, अशा अर्थाचं. खाली आईचं नाव आणि नावावर सहीपुरती रेघ. नवरा म्हणाला, "यार, क्रूझवर कागद कोण नेतं?" मी म्हटलं, मी नेते.

मी चिडकी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यातून एकुलती एक. बाबा गेल्यापासून आई नागपूरला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते आणि मी इकडे अमेरिकेत पिस्कॅटवेला बसून तिची काळजी करते. गेल्या वर्षी एकदा सकाळभर तिने फोन उचलला नाही. मी अकरा वेळा फोन केला, मग शेजारच्या काकूंना केला, मग वॉचमनला. शेवटी माझ्याच हुकमावरून त्यांनी दाराचं लॅच तोडलं. आत कोणी नव्हतं. आई खालच्या मजल्यावर सांडगे घालत बसली होती. वर आली तर दार उघडं आणि घरात पाच माणसं. तिने पाचही जणांना चहा केला आणि मग मला फोन करून विचारलं, "नवीन लॅच पितळी सांगू की स्टीलचं?"

तेव्हा मी ठरवलं की आता बास. फ्लॅट विकायचा आणि आईला कायमचं इकडे आणायचं. ती जुलैमध्ये आमच्याकडे आली आणि मी जुलैपासून विचारत होते. ती म्हणायची, "बघू." बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला हो किंवा नाही म्हणता येत नाही, ह्याचा मला भयंकर राग यायचा.

इकडे तिला कसलाही त्रास नव्हता. स्वतंत्र खोली, टीव्हीवर मराठी चॅनल, दर शनिवारी मॉल. फक्त चालायला जागा नव्हती. आमच्या कॉलनीत फुटपाथ नाही, कारण कोणी चालतच नाही. पहिल्या आठवड्यात ती सकाळी एकटी रस्त्याच्या टोकापर्यंत गेली, तर एका बाईने गाडी थांबवून विचारलं, तुम्ही ठीक आहात ना, कोणाला फोन करू का? आई घरी येऊन म्हणाली, "इथे चालणं म्हणजे आजार दिसून राहिला." मी तिला ट्रेडमिल दाखवली. तिने त्यावर साड्या वाळत घातल्या. इंडियन ग्रोसरीत मी तिला भाजी निवडायला सोबत न्यायचे. एकदा तिने फ्रीजरमधलं तुरीच्या दाण्यांचं पाकीट उचललं, दोन्ही बाजूंनी वाचलं, बर्फ झटकला आणि परत ठेवून दिलं. नागपूरच्या माणसाला डिसेंबरात सोलेभाताला ओल्या तुरी लागतात. मला वाटलं होतं, सवय होईल.

तर डिसेंबरात आम्ही तिघं फ्लोरिडातून जहाजात बसलो आणि तिसऱ्या दिवशी दुपारी पोर्टो रिकोतल्या सान हुआनला लागलो. पोर्टो रिको म्हणजे अमेरिकाच, पासपोर्टवर शिक्का नाही, काही नाही. फक्त रंग दिलेली अमेरिका. आमच्या कॉलनीत घराला बेजपैकी कोणता बेज द्यायचा ह्यावर कमिटी बसते. इथे एक घर पिवळं, त्याला खेटून जांभळं, त्याला खेटून पोपटी, आणि कोणाचंही बिघडलेलं नाही. जहाजातून उतरलं की समोर गावच. निळसर दगडांचे रस्ते चढत चढत वर गेलेले, लोखंडी कठड्यांच्या गॅलऱ्या, गॅलरीत कुंड्या, कुंड्यांत मांजरं. नवऱ्याने पहिल्या अर्ध्या तासात एकोणीस दरवाज्यांचे फोटो काढले.

मी फोनवर वॉकिंग टूर डाउनलोड केली होती. चौदा स्टॉप, दोन तास. पहिल्याच स्टॉपवर आई म्हणाली, "मी जरा आपली आपण फिरून येते."

"आई, हरवशील."

"एवढंसं तर गाव. खाली उतरलं की जहाज."

"तुझा फोन इथे चालत नाही. तुला भाषा येत नाही. नाही म्हणजे नाही."

ती काही बोलली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण माझी आई गप्प बसते ती ऐकलं म्हणून नव्हे.

पाचव्या स्टॉपला मी एका चर्चचा इतिहास मोठ्याने वाचून दाखवत होते. वाचून संपला, वळून बघते तर आई नाही. नवरा एका पिवळ्या दारासमोर गुडघ्यावर बसलेला. "आई कुठे आहे?" तो म्हणाला, "जरा येते म्हणाल्या." कधी म्हणाल्या? "मघाशी." तू काय म्हणालास? "हो म्हणालो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. त्याला म्हटलं, तू जहाजाच्या गेटवर जाऊन उभा राहा, ती तिथे आली तर हलू देऊ नकोस. आणि मी शोधायला निघाले. आधी वाटलं, असेल आसपास. मग एक तास झाला, मग दोन. मी टूरचे चौदाही स्टॉप पालथे घातले. मोठं मैदान होतं तिथे लोक पतंग उडवत होते, तिथे जाऊन आले. दोनदा दुकानांत शिरले, दोनदा जहाजाच्या गेटपर्यंत धावत गेले. नवरा ढिम्म उभा होता. चार वाजले. साडेचारच्या आत जहाजावर परत यायचं, असं सकाळी सांगितलेलं होतं. जहाज कोणासाठी थांबत नाही, हेही सांगितलं होतं. माझ्या डोक्यात काय काय आलं! चक्कर आली असेल, दगडावरून पाय घसरला असेल, कुठल्या हॉस्पिटलात असेल आणि तिला विचारत असतील तुझं कोण आहे, आणि तिला ते कळत नसेल. मी रस्त्यात उभी राहून रडले. एका दुकानदाराने मला पाणी दिलं.

त्याला मी खुणेनेच विचारलं. खांद्यावरून पदर घेतला, अंबाडा दाखवला, उंची दाखवली. मला वाटलं, ह्याला काय कळणार. त्याने लगेच वर बोट केलं. वरच्या चौकात चार म्हातारे डॉमिनो खेळत होते. त्यांना पदर दाखवला, तर चौघांनीही एकदम डावीकडे हात केला. डावीकडे बर्फाच्या गोळ्याची गाडी. गोळेवाल्याला तर पदरही दाखवावा लागला नाही, माझं तोंड बघूनच त्याने पुढची गल्ली दाखवली आणि हसला. ह्या गावात तिचे एकटीचे तीन तास झाले होते आणि ती कुठे आहे हे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. पिस्कॅटवेला पाच महिन्यांत तिला ओळखणारी माणसं दोन, त्यातला एक पोस्टमन.

गल्ली चढाची होती. वर एका गुलाबी घराच्या पायरीवर आई बसली होती. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत तिच्याच वयाची एक बाई, फुलाफुलांचा गाउन घातलेली. दोघींच्या मध्ये टोपली. दोघी शेंगा सोलत होत्या.

आईने मान वर केली. "आलीस? बस. आणि ते पातेलं जरा इकडे सरकव."

मी जी फुटले! भर गल्लीत, मराठीतून, जोरात. समोरच्या गॅलरीत माणसं आली. तुला काही वाटतं का, मी तीन तास वणवण फिरते आहे, माझा जीव जायची वेळ आली, तू हरवलीस, तुला काही झालं असतं तर!

"काय ओरडून राहिली? मी कुठे हरवले?" आई म्हणाली. "मला माहीत होतं ना मी कुठे आहे."

खुर्चीतली बाई माझ्याकडे बघून स्पॅनिशमध्ये आईला काहीतरी म्हणाली. आईने मान डोलावली.

"काय म्हणाली ती?"

"मला काय माहीत. पण बरोबर म्हणाली."

मी फोन तिच्या नाकासमोर धरला. चार वाजून वीस मिनिटं. दहा मिनिटांत जहाज गाठायचं आहे, ऊठ! आईने शांतपणे पदराला हात पुसले, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "सत्तर मिनिटं आहेत. इथलं घड्याळ एक तास पुढे आहे. जहाजाचं घड्याळ फ्लोरिडाचं. काल दाराखालून कागद सरकवला होता त्यात लिहिलं होतं, घड्याळं बदलू नका म्हणून. तू वाचला नाहीस?"

मी तो कागद जाहिरात समजून टाकून दिला होता. फोनने आपली आपण वेळ बदलली होती आणि मी फोनवर विश्वास ठेवला होता. मी पायरीवर बसले. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"तुरी आहेत," आई म्हणाली आणि एक शेंग माझ्या हातात ठेवली. हिरवी, टच्च भरलेली, ओली तूर. खालच्या कोपऱ्यावर एकजण गाडीवर विकत होता. ही बाई घेत होती आणि तो तिच्या पिशवीत जून शेंगा घालत होता. "मी मध्ये पडले," आई म्हणाली. तिने त्याच्या हातातून पिशवी घेऊन सगळ्या शेंगा परत ओतल्या आणि एकेक बघून निवडून दिल्या. मग बाईने तिचा हात धरला आणि घरी आणलं. आत तिच्याकडेही नाताळासाठी तुरीचे दाणे घातलेलाच भात शिजत होता. आईने झाकण काढून बघितलं तर त्यात मांस. आईने कानाला हात लावले. बाई पोट धरून हसली आणि तिने दुसऱ्या पातेलीत नुसते दाणे, तांदूळ आणि कोथिंबिरीच्या वासाची कसली तरी लांब पानं घालून आईसाठी वेगळा भात टाकला.

तो भात आम्ही पायरीवर बसून खाल्ला. मसाला वेगळा, पण सोलेभातच तो. आई भराभर जेवत होती. आमच्याकडे ती एक पोळी खाते आणि ताट सरकवते, मी डॉक्टरला दोनदा दाखवलं होतं. इथे तिने दुसऱ्यांदा मागून घेतला. गल्लीतून जाणारा प्रत्येकजण त्या बाईला काहीतरी म्हणत होता आणि आईलाही म्हणत होता. आई सगळ्यांना "हो ना, बाप्पा" म्हणत होती. पाच महिन्यांत मी तिचा हा आवाज ऐकला नव्हता, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

निघताना बाईने पिशवीभर शेंगा दिल्या. जहाजाच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याने पिशवी ठेवून घेतली, ताजी भाजी वर नेता येत नाही म्हणाला. आईने न कुरकुरता दिली. त्याला इंग्रजीत म्हणाली, "व्हेरी फ्रेश." नवरा अजून तिथेच उभा होता. मी त्याच्याशी बोलले नाही.

जहाज सुटलं तेव्हा नवरा डेकवर फोटो काढायला गेला आणि केबिनमध्ये आम्ही दोघीच होतो. आई पाय धुऊन पलंगावर बसली.

"काढ ती फाइल."

"कोणती?"

"निळी. बिस्किटं शोधताना पहिल्याच दिवशी दिसली. वाचली मी. दे, सही करते."

मी पिशवीतून फाइल काढली.

"आज गल्लीत आलीस तेव्हा तुझं तोंड पाहिलं मी," ती म्हणाली. "लहानपणी ताप चढला की व्हायचं तसं झालं होतं. मी तिकडे मजेत आणि तू इकडे अशी, हे काही बरोबर नाही. तुझ्याकडे राहिले तर मी काय, बसून राहीन. बसून काही कोणी मरत नाही."

हेच तर मला हवं होतं. जुलैपासून मी हेच मागत होते, आणि ती ते असं देत होती, दुसऱ्यांदा भात मागून घेतला त्याच दिवशी. मला लाज वाटली.

"पेन नाहीये," मी म्हटलं.

टेबलावर जहाजाचं पांढरं पेन होतं, आमच्या दोघींच्या बरोबर मध्ये. आईने पेनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. बत्तीस वर्षं तिने गृहपाठ न करणाऱ्या पोरांच्या सबबी ऐकल्या आहेत.

"बरं," ती म्हणाली आणि पदराची गाठ सोडली. आत मूठभर सोललेले दाणे होते.

"आई! त्याने वर न्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना!"

"त्याने पिशवी मागितली. पदर कुठे मागितला?"

आम्ही ते दाणे कच्चेच खाल्ले. कोवळे होते, गोड. जानेवारीत ती परत जाणार होती, तिकीट काढलेलंच होतं. मी म्हटलं, मी पण येते दोन आठवडे, सोलेभात खायला. ती म्हणाली, ये.

"आणि फोन केला की उचलशील ना?" मी विचारलं.

"बघू," आई म्हणाली.