घिवलीच्या गिटारचा रॉड

नाशिकहून सकाळची पालघर एसटी पकडली तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. पिशवीत केबलचा एक कापलेला तुकडा, पाठीवर माझी स्वतःची गिटार आणि कानात हरेशचा आदल्या दिवशीचा फोन: "दादा, तुमची गिटार वाकली. परवा हळद हाय." तुमची गिटार म्हणे! ती मी दोन वर्षांपूर्वी दुरुस्त करून त्याला विकली, तेव्हापासून ती त्याची. हरेश घिवलीचा. समुद्रावर मासेमारी करतो आणि गावच्या बेंजो पार्टीत (हळदी-लग्नांना वाजवणाऱ्या वाद्यवृंदात) गिटार वाजवतो.

जव्हारचा घाट देखणा आहे असं सगळे म्हणतात. मी पूर्ण वेळ हरेशला काय काय सुनावायचं याची उजळणी करत होतो, त्यामुळे घाटाबद्दल मला विचारू नका. पालघरच्या स्टँडवर पाणचट चहा प्यायलो आणि बोईसरची गाडी धरली.

घिवलीआधी मला कुंभवलीत एक हिशेब चुकता करायचा होता. गिटार स्पीकरला जोडायची केबल मी रीळभर घेतो आणि तिचे तुकडे गिऱ्हाइकांना जोडून देतो. गेल्या रिळापासून सगळ्यांच्या स्पीकरमधून घरघर येत होती, आणि ते रीळ इथल्याच एका कारखान्यातलं होतं. रिक्षावाल्यानं भलत्याच गेटवर सोडलं. कारखान्यांच्या उग्र वासातून, नाकाला रुमाल लावून अर्धा तास पायपीट केली, तर वॉचमननं आतच सोडलं नाही.

समोरच्या टपरीवर त्याच कारखान्याचा एक कामगार चहा पीत होता. सरावलीत खोली घेऊन राहणारा, केबलच्या मशीनवरचा. मी तुकडा त्याच्यापुढे धरला. आतल्या तारेभोवती तांब्याची दाट जाळी असावी लागते, नाहीतर आजूबाजूच्या विजेची घरघर गिटारच्या आवाजात शिरते. इथे जाळी कसली, टकलावर विंचरलेले चार केस होते.

"हमारा ही माल है," तो शांतपणे म्हणाला. "माल लेनेवाली पार्टी ने बोला जाली कम करो, तो कम किया."

"दिखता नहीं था क्या तुमको?"

"दिखता तो सबको है, साहब."

दिसत असूनही माणसाचा हात चालतो कसा, असं मी त्याला मराठी-हिंदीची खिचडी करून चांगलं झापलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याही चहाचे पैसे देऊन शिफ्टला निघून गेला. त्याचा मला आणखीच राग आला.

घिवलीत उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. काठ्यांवर बोंबील वाळत होते, पलीकडे अणुवीज केंद्र. हरेशनं ओट्यावर गिटार आणून ठेवली. तारा दांड्यापासून बोटभर वर आल्या होत्या. दांड्याच्या आत लोखंडी रॉड असतो. तारा दांड्याला पुढे ओढतात, रॉड त्याला मागे धरून ठेवतो, आणि टोकाच्या नटानं तो कमी-जास्त करता येतो.

"नटाला हात लावलास?"

"लावला ना. दर हळदीला निघायच्या आदी पाव फेरा आवळतो."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पायजे, दादा? नावेचं इंजिन हादरतं, नट ढिले होतात. समुद्रावर जायच्या आदी आमी सगळे आवळून घेतो. हिला पण स्पीकरपुढं हादरे बसतात."

वर्षातून एकदा-दोनदा हात लावायचा त्या नटाला! माझा तोल गेला. त्याच्या आईसमोर, जाळी विणत बसलेल्या दोन शेजाऱ्यांसमोर मी त्याची खरडपट्टी काढली. तो मान खाली घालून उभा होता. आईनं तांदळाची भाकरी आणि तळलेली मांदेली पुढे ठेवली.

"जेव बाबा आदी. चूक झाली पोराची."

मी धुसफुसतच जेवलो. मांदेली अप्रतिम होती.

हात धुऊन नट फिरवायला घेतला, तर नटाबरोबर रॉडचं वीतभर टोकच बाहेर आलं. नटाचे आटे शाबूत होते. चांगला रॉड अती आवळला तर आधी आटे जातात. हा वेल्डिंगच्या जोडावरच सुटला होता. आणि तो जोड मी ओळखला. एका व्यापाऱ्याकडून आणलेल्या सहा रॉडांपैकी हा एक, माझ्याच हातानं बसवलेला. जोड ओबडधोबड आहे हे मला तेव्हाच दिसलं होतं. मी कानस मारून तो गुळगुळीत केला आणि आत घातला.

"माज्यामुळं मोडली, दादा," हरेश म्हणाला.

तिथेच गप्प बसता आलं असतं. शेजारी ऐकत होते, दोष घ्यायला तो तयारच होता.

"तुझ्यामुळे नाही," मी म्हणालो. "रॉडच कच्चा होता. मी घातलेला."

"म्हंजे तुमाला म्हाईत होतं?" आईनं विचारलं.

"हो."

तिनं माझं ताट उचललं आणि आत गेली. मी उद्याच्या हळदीसाठी माझी गिटार हरेशपुढे केली. त्यानं ती घेतली, दांड्यावरून हात फिरवला.

"हिच्यात कुठला रॉड हाय?"

"चांगला आहे," मी म्हणालो. त्यानं मान डोलावली, पण दांडा डोळ्यापुढे धरून तो सरळ आहे का ते पाहिलं.

परतीच्या एसटीत मोडकी गिटार मांडीवर होती. राग तेवढाच होता, फक्त आता तो काढायला समोर दुसरं कुणी नव्हतं. टपरीवरच्या त्या माणसानं निदान विचारल्यावर खरं सांगितलं होतं. मला दोन वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. उरलेले पाच रॉड कुणाकुणाच्या गिटारमध्ये आहेत ते मला तोंडपाठ होतं. जव्हार यायच्या आधी मी पहिला फोन लावला.

"बोला दादा," पलीकडून खुशीत आवाज आला. "तुम्ही दुरुस्त केलेली गिटार एकदम झकास चाललीय."

"ती घेऊन ये," मी म्हणालो.