खालून चौथा संघ

"बॉल दखू नका, बाई. रिकामा माणूस दखा."

टीव्हीसमोर मान पुढे काढून, उजवा हात हवेत धरून ते हे म्हणत. रिकामा, म्हणजे ज्याला अडवायला जवळ कोणी नाही असा खेळाडू. तीस वर्षं ते शहाद्याच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. माईकवर घोषणा करायची, आणि मोलगीची बस दोन मिनिटं अडवून धरायची, कारण बाजाराचं ओझं घेऊन डोंगरातली माणसं पळत येत असत. निवृत्तीनंतर ते आमच्या गल्लीत एकटेच राहायला आले. सगळे त्यांना कंट्रोलरसाहेब म्हणत.

मुलांनो, फोनवर तुम्ही दोघं फुटबॉलबद्दल बोलायचात आणि मी "बरं, बरं" म्हणायचे. एकदा धाकटा म्हणाला, "आजी, तुला नाही कळायचं." जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाईला ते लागलं. कंट्रोलरसाहेबांच्या घरातून शनिवारी संध्याकाळी सामन्याचा आवाज येई. मी सरळ जाऊन विचारलं, कुठून सुरुवात करू?

"एक संघ धरा, आन् सोडू नका. बठा खेळाडू एकदम पाठ करू नका. आठवडाले एक."

मग दर शनिवारी ते माझ्याकडे येऊ लागले, सामन्याच्या पाच मिनिटं आधी, इस्त्रीच्या शर्टात. मी शेंगदाणे भाजून ठेवी. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी वीस संघांचा तक्ता आखला, बसच्या वेळापत्रकासारखा. मला पहिला संघ हवा होता. त्यांनी बोट खालून चौथ्या संघावर ठेवलं.

"वरलासले माणसे भरपूर शेतस. यासले कोन शे?"

जानेवारीत आमचा एक खेळाडू दुसऱ्या संघाने विकत घेतला. त्याचं नाव मी नुकतंच पाठ केलं होतं. मी हादरलेच. हंगामाच्या मध्यात माणसं विकतात?

"सारंगखेडानी जत्रामा घोडा इकतस तसंच," ते खोडरबराने नाव पुसत म्हणाले. "घोडाले इचारतस नही, याले इचारतस. इतलाच फरक."

खरा धक्का एप्रिलमध्ये बसला. तळाच्या तीन संघांना हंगाम संपल्यावर खालच्या स्पर्धेत ढकलतात, हे मला समालोचकाच्या तोंडून कळलं. तोवर आमचा संघ खालून तिसरा झाला होता. नापास मुलाला मीही त्याच वर्गात बसवलंय, पण शाळा बदलायला लावली नाही.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगतू तं तुम्ही तो संघ धरतात का?"

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

शेवटचा सामना जिंकला तरच आम्ही वाचणार होतो. त्या संध्याकाळी ते वेळेवर आले नाहीत, म्हणून मीच बघायला गेले. दाराला कुलूप होतं.

"कंट्रोलरसाहेब तं सकायनी बसमा सुरत ग्यात," शेजारीण म्हणाली. "पोऱ्याकडे. कायमना. तुमले माहीत नही?"

तीस वर्षं प्रत्येकाचं निघणं माईकवर सांगणारा माणूस स्वतः न सांगता गेला होता. घरी आले तेव्हा शेंगदाणे अजून गरम होते. बसले, आणि फोन वाजला.

"बाई, अठे पोरे कार्टून दखी ऱ्हायनात. तुम्हीच सांगा मॅच."

"जाताना का नाही सांगितलंत?"

"सांगतू तं निंघतू का मी?"

मग नव्वद मिनिटं मी सांगत राहिले. घसा बसला. मध्येच आवाज येई, "बॉल नही, बाई, रिकामा माणूस सांगा." अगदी शेवटी आमच्या माणसाचा फटका गोलच्या खांबावर आपटला. बरोबरी. संघ खाली गेला.

खालच्या स्पर्धेतले सामने माझ्या टीव्हीवर दिसत नाहीत, तुमच्याकडे दिसतात. "मंग तुमना नातूसले इचारा," असं त्यांचं म्हणणं.

म्हणून शनिवारी माझा फोन आला की गुडघ्यांची चौकशी नंतर करत जा. आधी स्कोअर सांगा. तो मला लगेच सुरतला कळवायचा असतो. तिथे एक माणूस पाच मिनिटं आधीपासून फोन हातात धरून बसलेला असतो.