साडूभाऊंचा ठोक भाव

जबलपुरात नर्मदेच्या काठापासून भाजीबाजारापर्यंत सरळ अशी एकही कड नाही, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. पेशाने पॅथॉलॉजिस्ट. जन्म सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गेला, त्यामुळे बाहेरचं जगही त्यांना दातेरीच दिसायचं. जेवायला बोलवावं, तर स्वयंपाकघरातून फुलकोबीचा गड्डा उचलून आणत. "तुऱ्यात तुरा, त्यात परत तुरा! हेच फ्रॅक्टल!" तिकडे आमच्या हिची फोडणी जळायची. पापड मोडला की तुकड्यावर चौकटीचा पारदर्शक कागद ठेवून कडेवरची घरं मोजत बसत. पापड सादळायचा, मोजणी संपायची नाही.

मी जबलपुरातल्याच गढा भागात फरशीचं दुकान शून्यातून उभं केलं. भाव पाडल्याशिवाय कोथिंबीरही घेत नाही. महाराजपूरचा नाल्याकाठचा प्लॉट तीन महिने घासून अगदी जमत आणला होता, तेव्हा यांना सोबत नेण्याची दुर्बुद्धी झाली. मालक काठाच्या फुटावर भाव लावत होता. टेप धरलेला पाहून हे म्हणाले, "भैया, फीता छोटा लीजिए, किनारा और लंबा निकलेगा." मालकाने काठ खाचाखोचांसकट मोजून किंमत वाढवली, प्लॉट गेला. मी तोंड सोडलं, तर हे शांतपणे म्हणतात, "पण खरं आहे ना ते!" मी ते अजून विसरलेलो नाही.

मग माझी कंबर धरली. तपासणीत मायलोमा निघाला, म्हणजे हाडांच्या मगजातला कॅन्सर. स्लाइड यांच्याकडेच गेली. पेशीच्या केंद्रकाच्या फोटोवर आधी मोठ्या, मग बारीक चौकटींची जाळी ठेवून हे घरं मोजत आणि खडबडीतपणाचा एक आकडा काढत. आकडा जितका चढा, तितका रोग जोरात, असा त्यांचा अभ्यास.

"माझ्याजवळ किती वर्षं आहेत, साडूभाऊ?"

"आकडा पुष्कळ पेशंटांचा मिळून कल सांगतो हो. एकट्याचं नाही सांगत."

"म्हणजे हा ठोक भाव झाला. मला किरकोळ पाहिजे."

"हा माल किरकोळीत येतच नाही."

"काहून लपवून राहिले? चढा आहे ना?"

ते चष्मा पुसत बसले. मी रागावलो, गोड बोललो, शेवटी उठून चालू लागलो. गिऱ्हाईक उठलं की दुकानदार हाक मारतोच. यांनी मारली नाही. फाटकापर्यंत पोचवायला मात्र आले.

एकदा त्यांच्या टेबलावर माझ्या नावाचा कागद सापडला. तीच स्लाइड सतरा वेळा मोजलेली. आकडे जवळजवळ सारखेच, चढे. त्यातल्या सगळ्यांत लहानाभोवती पेन्सिलीने गोल.

"हे काय, साडूभाऊ?"

"काही नाही... जरा कमी होतो का, पाहून राहिलो होतो."

भाजीवालीने सांगितलेला भाव निमूट देणारा हा माणूस! आयुष्यात एकदाच घासाघीस केली, तीही माझ्यासाठी, आणि समोर बोलायला कोणी नसताना.

औषध चालू आहे. परवा त्यांना जेवायला बोलावलं. फुलकोबी मीच आणली, भाव न करता. गड्डा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "मोजा निवांत. भाजी उद्या करू."