लाल दिव्यावरची पट्टी

मला राग यायला कारण लागत नाही, आणि त्या दिवसांत तर कारणांची रांगच लागलेली. त्या रांगेत सगळ्यात पुढे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी.

डोंबिवलीजवळ कोपरला आमची चार मजली सोसायटी आहे, तिथे मी आणि आई राहतो. मी डॉक्युमेंटरी करते. म्हणजे वर्षाकाठी एखादी मनासारखी, आणि बाकी पोटासाठी लोकांची लग्नं आणि बारशी. पहिला लॉकडाऊन लागून महिना झालेला, लग्नं सगळी रद्द, तेव्हा कल्याणच्या एका हॉस्पिटलच्या ट्रस्टींचा फोन आला. कोविड वॉर्डात शूट करायचं, डॉक्टर-नर्स कसे झटतायत ते दाखवायचं, तीन दिवसांचं काम. आई नको म्हणाली. मी तिच्याशी भांडले, तीन दिवसांचे कपडे भरले आणि गेले.

तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला. हॉस्पिटलमध्ये जाणाऱ्या सभासदांनी पुढील सूचनेपर्यंत परत येऊ नये, आपल्या सर्वांच्या हितासाठी. खाली जोडलेले दोन हात. हॉस्पिटलमध्ये जाणारे सभासद म्हणजे मी एकटीच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सेक्रेटरींना फोन लावून नाही नाही ते बोलले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच पुन्हा फोन करून गयावया केली. ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या आईंना दूध-भाजी आम्ही पोचवतोय ना मॅडम? मग झालं तर." ही काळजी होती की धमकी, मला अजून कळलेलं नाही. आई घरात अडकली आणि मी हॉस्पिटलात.

मला चौथ्या मजल्यावर नर्सिंगच्या मुलींचा वर्ग दिलेला. बाकं एका बाजूला सारून खाट टाकलेली, भिंतीवर माणसाच्या फुप्फुसांचा मोठा तक्ता. खिडक्या स्क्रू मारून बंद केलेल्या. का, ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि ते स्क्रू काढायची हिंमतही कोणाची नव्हती. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक गृहस्थ रोज संध्याकाळी फेऱ्या मारायचे. मी काचेला नाक लावून त्यांच्या फेऱ्या मोजायचे. पन्नास झाल्या की ते खाली जायचे, आणि मला उगाच वाईट वाटायचं. तीन दिवसांचे कपडे मी तीन आठवडे धुऊन धुऊन घातले.

वॉर्डात उतरायचं म्हणजे आणखी एका खोलीत कोंडून घेणं. तो पांढरा सूट चढवायलाच वीस मिनिटं लागायची. एकदा चढवला की सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही, नाक खाजवणं नाही. चेहऱ्यापुढच्या काचेवर आपल्याच श्वासाची वाफ धरायची. हातात एकावर एक दोन ग्लोव्हज. कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, त्यामुळे मागचा पडदाही धड दिसायचा नाही. अंदाजाने बटण दाबायचं आणि देवाचं नाव घ्यायचं.

इथे आमच्या धंद्यातली एक सवय सांगायला हवी. कॅमेऱ्याचं बटण एकदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, पुन्हा दाबलं की बंद. सुरू असताना पुढे एक छोटा लाल दिवा पेटतो. तो दिवा दिसला की माणूस खांदे ताठ करतो आणि भाषण ठोकायला लागतो. म्हणून मी त्यावर काळी चिकटपट्टी लावते. शिवाय समोरचा तयारी करत असतो तेव्हाच गुपचूप बटण दाबून ठेवते, कारण खरा माणूस त्या पाच मिनिटांत सापडतो. या लबाडीचा मला फार अभिमान होता. बरोबरच्या पोरांना मी ती शिकवायचे.

चौदा नंबरच्या खाटेवर कल्याणजवळच्या मोहने गावचे एक काका होते. बंद पडलेल्या कारखान्यात उभी हयात काढलेली, मुलंबाळं नाहीत, चाळीत नवरा-बायको दोघंच. मला ते पहिले दोन दिवस 'साहेब' म्हणायचे. तिसऱ्या दिवशी मी खोकले, तर म्हणाले, "अगं, तू बाईमाणूस होय? सांगायचंस तरी." त्यानंतर 'साहेब'ची 'पोरी' झाली.

एका दुपारी ठाकुर्लीच्या सिस्टर माझ्याजवळ आल्या. वॉर्ड त्यांच्याच जिवावर चाललेला. म्हणाल्या, "मॅडम, चौदा नंबरला संध्याकाळी नळी घालणार. घशात नळी गेली की बोलणं बंद. ते म्हणतायत, आधी बायकोशी बोलायचंय, त्याशिवाय नळी घालू देणार नाही. आणि बायकोला ऐकू येत नाही."

काकूंना दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू यायचं नाही. समोरच्याचे ओठ बघून त्या सगळं समजून घ्यायच्या. म्हणजे फोनचा उपयोग शून्य. त्यांच्याकडे साधा डबडा फोन, तोही शेजारीणच उचलायची. काकूंना घरात क्वारंटाईन केलेलं, दारावर कागद चिकटवलेला. काकांचं म्हणणं एवढंच, की त्यांचे ओठ हलताना तिला दिसले पाहिजेत. वॉर्डातून व्हिडिओ कॉल लागत नव्हता, म्हणून मी शूट करून शेजारणीच्या मोबाइलवर पाठवायचं ठरलं.

मी कॅमेरा घेऊन खाटेसमोर उभी राहिले. काकांनी उशीखालून कंगवा काढला आणि केस विंचरायला घेतले. मी सवयीने बटण दाबून टाकलं.

"ती आधी केसच बघणार," ते म्हणाले. "मग शर्टाची बटणं."

सिस्टरनी त्यांचा ऑक्सिजनचा मास्क खाली ओढला. ते म्हणाले, "कर चालू, पोरी." मी मान डोलावली आणि पुन्हा बटण दाबलं.

वाचणाऱ्याला आत्ता कळलं ते मला तेव्हा कळलं नाही. काचेवर वाफ होती, बोटं बधिर झालेली, आणि लाल दिवा माझ्याच पट्टीखाली.

काका एकेक शब्द सावकाश, ओठ पुरते उघडून बोलले. मधे मधे मास्क लावून दम घ्यायचे. "ऐकतेस ना? मला माहितीय, तू स्वतःला बोल लावत बसली असशील. डाळ खाऊन कंटाळलीस, गुरुवारी मला म्हणालीस कुठून तरी सुकट आणा, म्हणून मी गर्दीत गेलो आणि आजार घेऊन आलो, असं तुला वाटतंय. ते खोटं आहे. मला सोमवारपासूनच ताप होता. मी तुला चोरून नाक्यावर बसायचो ना, तिथंच काय ते झालं असणार. तू ओरडशील म्हणून तापाच्या गोळ्या लपून खाल्ल्या. पाकीट कॅलेंडरच्या मागे खोचलंय. जा, काढून बघ. तुझ्या सुकटीनं काही झालेलं नाही. मस्त झालेली." मी काचेच्या आत रडत होते, आणि डोळे पुसायची सोय नव्हती.

मी बटण दाबलं. काकांनी विचारलं, "नीट आलं ना?"

"एकदम नीट आलं, काका."

संध्याकाळी वर्गात बसून मी कार्ड लॅपटॉपला लावलं. केस विंचरणारे काका होते. "कर चालू, पोरी" होतं. त्यापुढची फाईल सुरू झाली ती थेट "नीट आलं ना?" या प्रश्नाने. मधलं काहीच नव्हतं. मी तीन-चार वेळा मागे-पुढे करून बघितलं.

चार मजले धावत उतरले. पण सूट चढवल्याशिवाय वॉर्डात पाऊल टाकता येत नाही, आणि सूटला लागतात वीस मिनिटं. घाईत चेन दोनदा अडकली. आत पोचले तेव्हा चौदा नंबरभोवती पडदे ओढलेले. सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आत्ताच घातली." माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता हे बरं झालं.

पाचव्या दिवशी काका गेले. काकूंना चेहराही बघायला मिळाला नाही, तेव्हा तसाच नियम होता.

त्यानंतर मी खऱ्या अर्थाने अडकले. सिस्टरनी, जेवढं अर्धंमुर्धं कानावर पडलं तेवढं, चांगल्या मनाने शेजारणीला फोनवर सांगून टाकलेलं, की काकांनी काकूंसाठी व्हिडिओ ठेवलाय, काकूंचा काही दोष नाही म्हणालेत. शेजारणीचा रोज फोन यायला लागला. "अहो, ती जेवत नाहीये. माझ्या जिभेनं नवऱ्याला खाल्लं म्हणते. सांगितलं तर म्हणते, लोक बरं वाटावं म्हणून बोलतात, ह्यांच्या तोंडून बघितल्याशिवाय मी मानणार नाही. कधी पाठवताय?" सिस्टर माझ्याकडे बघायच्या. मी म्हणायचे, एडिटिंग चाललंय. कधी म्हणायचे, फाईल मोठी आहे, नेटवर्क नाही.

कॅलेंडरची गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. एक फोन पुरला असता. पण मग 'व्हिडिओ कुठाय' याचं उत्तर द्यावं लागलं असतं. मी भित्रेपणा केला, सरळ आहे. एक बाई तिकडे उपाशी बसलेली आणि मी माझी अब्रू सांभाळत होते. आई फोनवर विचारायची, तुझा आवाज असा का येतो. मी तिच्यावर खेकसायचे. रात्रंदिवस तो फुप्फुसांचा तक्ता समोर. झोप लागायची नाही. घरी जायची परवानगी मिळावी म्हणून आधी जीव टांगणीला लागलेला, आता ती मिळेल याची भीती वाटायला लागली, कारण बाहेर पडलं की मोहन्याला न जायला काही सबब उरणार नव्हती.

अखेर रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि सेक्रेटरींनी उपकार केल्यासारखी परवानगी दिली. मी हॉस्पिटलच्या गाडीला म्हटलं, आधी मोहने.

चाळीच्या गल्लीत शिरले तशा खिडक्या उघडायला लागल्या. शेजारणीने लांबूनच हात हलवून काकूंना दारात बोलावलं. बारीकशा, केस घट्ट बांधलेल्या. मी दहा फुटांवर उभी राहून बोलायला लागले, तर त्या नुसत्या माझ्या मास्ककडे बघत राहिल्या. ओठ दिसत नव्हते ना. मग मी मास्क काढला. इतक्या दिवसांत चारचौघांत तोंड उघडं केलं नव्हतं, अगदी कपडे उतरवल्यासारखं वाटलं.

मी टॅब ओट्यावर ठेवून मागे सरकले. काकूंनी केस विंचरणारे काका बघितले. "कर चालू, पोरी" बघितलं. मग "नीट आलं ना?" आणि संपलं.

"पुढचं?" त्या म्हणाल्या.

"पुढचं नाही, काकू. बोलले ते सगळं, पण मी बटण चुकीचं दाबलं. माझी चूक झाली."

"मग ते बोलले कशावरून?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. तेच जास्त लागलं. मी ओठ मोठे उघडून, काका बोलले तसंच सगळं सांगितलं. सोमवारचा ताप, नाका, गोळ्या. सुकट मस्त झालेली, हेही. गल्ली ऐकत होती, पण त्याला इलाज नव्हता. "कॅलेंडरच्या मागे पाकीट खोचलंय म्हणाले. बघा तरी."

काकू वळून आत गेल्या. दारातून भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं. काका गेलेले त्याच महिन्याचं पान अजून वर होतं. त्यांनी ते खिळ्यावरून काढलं आणि खाली काहीतरी पडलं. त्या वाकल्या, आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

बाहेर आल्या तेव्हा हातात गोळ्यांचं पाकीट होतं. सहा घरं फुटलेली. त्यांनी प्रत्येक घरावरून अंगठा फिरवला.

"लबाड माणूस," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर लबाड." आणि ओट्यावर बसून रडल्या. शेजारणीला जवळ जायचं होतं, पण ती बिचारी जागेवरच उभी राहिली.

मग पदराने तोंड पुसून त्यांनी टॅबकडे बोट केलं. मी पुन्हा लावलं. केस विंचरून झाले, मास्क खाली आला, आणि काकांनी ओठ मोठे उघडून विचारलं, "नीट आलं ना?" त्यावर माझं खोटं उत्तर होतं, पण ते काकूंना ऐकू येण्यातलं नव्हतं. त्यांना फक्त विचारणारे काका दिसत होते, आणि उत्तर द्यायला तिथे दुसरं कोणी नव्हतं.

"आलं हो," त्या मोठ्याने म्हणाल्या. "नीट आलं."